यादी झाली, राखण कोणाची?

भारतीय रोखे व विनिमय मंडळाने, म्हणजे 'सेबी'ने, २० ऑगस्ट २०२४ रोजी सायबर सुरक्षेविषयीची एक विस्तृत चौकट जाहीर केली. दलाल, म्युच्युअल फंड, शेअरबाजार अशा आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना उद्देशून काढलेल्या या परिपत्रकातील एका अटीचा अर्थ पुष्कळांना प्रथमदर्शनी लागला नसेल. आपल्या महत्त्वाच्या संगणक-यंत्रणांत जे सॉफ्टवेअर वापरले जाते ते कोणकोणत्या घटकांपासून बनले आहे, याची यादी या संस्थांनी मिळवून ठेवावी, असे सेबीने सांगितले. पाठोपाठ ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने अशी यादी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल यांची नोंद असते, त्यातलाच हा प्रकार. मुंबईतल्या एखाद्या दलाली पेढीला आपण विकत घेतलेल्या प्रणालीत काय काय मिसळले आहे हे ठाऊक नसावे आणि ते ठाऊक करून घेण्यासाठी नियामकाला परिपत्रक काढावे लागावे, हे वरवर पाहता विचित्र वाटते. परंतु विकणाऱ्यालाही ते पुरते ठाऊक नसते, ही त्याहून विचित्र अशी वस्तुस्थिती आहे.

असे का व्हावे? कारण आज कोणतीही मोठी आज्ञावली कोणी एकटा, कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. तारीख मांडणे, फाइल आकुंचित करणे, संदेश गुप्त लिपीत बदलणे, नोंदवही ठेवणे अशी सहस्रावधी कामे करणारे तयार संच उपलब्ध असतात. त्यांना या व्यवसायात 'लायब्ररी' म्हणतात. ग्रंथालयाशी त्यांचा संबंध इतकाच की, तेथून वस्तू उसनी आणता येते. सॉफ्टवेअर हे कारखान्यातल्या सुट्या भागांप्रमाणे तयार घटकांतून जुळवता आले पाहिजे, हा विचार डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या 'नाटो'च्या परिषदेत मांडला होता. त्यांना अभिप्रेत होता तो घटकांचा एक शिस्तबद्ध उद्योग. प्रत्यक्षात जे घडले ते अधिक स्वस्त आणि अधिक अस्ताव्यस्त निघाले. घटक मुबलक झाले, बहुतांशी फुकट झाले, आणि ते कोण बनवतो हे विचारण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली.

उसने घटक जुळवून त्यांतून चालणारी वस्तू तयार करण्याच्या क्रियेला 'बिल्ड' म्हणजे बांधणी म्हणतात. ही बांधणी यंत्राने करून घेण्याची पहिली सर्वमान्य सोय १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी केली. तिचे नाव 'मेक'. तिच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने आपल्या आज्ञावलीतील चूक शोधण्यात एक सकाळ वाया घालवली. वास्तविक चूक आधीच दुरुस्त झालेली होती. पण दुरुस्त केलेल्या भागाची पुन्हा बांधणी करायला तो विसरला होता आणि जुनाच भाग चालत होता. तेव्हा कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे, आणि एक बदलला की त्यावर विसंबणारे सर्व भाग यंत्राने आपोआप पुन्हा बांधावेत, ही कल्पना पुढे आली. आजतागायत बांधणीची जी जी साधने निघाली त्यांचा गाभा हाच आहे. फरक एवढाच की, फेल्डमन यांच्यापुढचा प्रश्न एका खोलीतल्या, आपल्याच माणसांनी लिहिलेल्या फाइलींचा होता. आजचा प्रश्न परखंडातल्या अपरिचितांनी लिहिलेल्या, आणि आपल्याला न विचारता बदलणाऱ्या फाइलींचा आहे.

बदल म्हटला की आवृत्ती आली. शिक्षकांना हा त्रास समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गात निम्म्या मुलांपाशी पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्ती आणि निम्म्यांपाशी नवी असली, की 'पान बेचाळीस उघडा' या साध्या वाक्याने गोंधळ उडतो. सॉफ्टवेअरमध्ये हाच गोंधळ एका विशिष्ट आकारात उद्भवतो. समजा, आपली प्रणाली 'क' आणि 'ख' या दोन घटकांवर उभी आहे. दोघेही 'ग' या तिसऱ्या घटकाचा आधार घेतात. पण 'क' ला 'ग' ची पहिली आवृत्ती हवी आणि 'ख' ला दुसरी. दोन्ही एकत्र नांदू शकत नसतील तर बांधणी अडते. घटक तीन असतील तर माणूस कागद-पेन्सिल घेऊन वाट काढील. ते शेकड्यांनी असले, आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असल्या, म्हणजे सर्वांना चालेल असा आवृत्त्यांचा संच शोधणे हे गणिताच्या दृष्टीने अत्यंत कठीण वर्गातले कोडे ठरते, हे सिद्ध झालेले आहे. आवृत्तीला तीन आकडे देण्याची एक पद्धत यासाठी रूढ आहे. शेवटचा आकडा वाढला तर केवळ दुरुस्ती, मधला वाढला तर भर, आणि पहिला वाढला तर जुन्याशी जुळेलच असे नाही. पद्धत चांगली आहे. मात्र तो लेखकाने दिलेला शब्द असतो, यंत्राने तपासलेले सत्य नव्हे. दुरुस्ती म्हणून केलेल्या बदलाने दुसऱ्याचे काम मोडल्याची उदाहरणे या व्यवसायात पैशाला पासरी मिळतात.

हे सारे तंत्रज्ञांच्या घरातले भांडण म्हणून सोडून देता आले असते. गेल्या दहा वर्षांतील घटनांनी तसे करणे अशक्य केले आहे.

पहिली घटना मार्च २०१६ ची, आणि ती काहीशी हास्यास्पदच आहे. जावास्क्रिप्ट या भाषेतील घटकांचे 'एनपीएम' नावाचे एक सार्वजनिक भांडार आहे. तेथे एका प्रोग्रामरने 'किक' या नावाने आपला एक घटक ठेवला होता. त्याच नावाच्या एका कंपनीने हरकत घेतली, भांडाराच्या चालकांनी नाव कंपनीला दिले, आणि संतापलेल्या प्रोग्रामरने आपले अडीचशेहून अधिक घटक एकदम काढून घेतले. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक घटक होता. काम एवढेच की, आकड्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून रकाना सरळ करायचा. कोणत्याही कारकुनाचा हात खातेवहीत जे काम न सांगता करतो तेच. या अकरा ओळी नाहीशा होताच जगभर अनेक नामांकित प्रणालींची बांधणी थांबली. त्यांतील बहुतेकांनी 'लेफ्ट-पॅड' हे नावही ऐकलेले नव्हते. त्यांनी आणलेल्या घटकाने आणलेल्या घटकाने तो आणला होता. सुमारे दोन तासांत भांडाराच्या चालकांनी तो घटक लेखकाच्या इच्छेविरुद्ध परत ठेवला आणि पुढे घटक काढून घेण्याचे नियम कडक केले. लोक हसले आणि विसरले.

डिसेंबर २०२१ मध्ये हसण्याची सोय राहिली नाही. 'लॉग-फोर-जे' हा जावा भाषेतील घटक म्हणजे एक प्रकारचा आवक-जावक लिपिक. प्रणालीत काय घडले याची नोंद ठेवायची, एवढेच त्याचे काम. त्यात २०१३ मध्ये एक सोय घालण्यात आली होती, आणि तिचा परिणाम असा होता की, नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट स्वरूपाचा संकेत आढळला तर हा लिपिक मजकूर केवळ उतरवून न घेता त्यात सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन तेथून आज्ञा आणी आणि ती बजावी. कचेरीत आलेल्या पत्रात 'तिजोरीची किल्ली पत्रवाहकाकडे द्यावी' असे लिहिले असावे आणि ते नोंदवहीत उतरवता उतरवता लिपिकाने खरोखरच किल्ली काढून द्यावी, असा हा मामला होता. अलिबाबा या चिनी कंपनीच्या सुरक्षा-पथकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो उघडकीस आणला. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले.

तथापि दोष सापडणे ही यातील सोपी बाजू होती. त्यानंतर प्रत्येक बँकेला, सरकारी खात्याला, कारखान्याला एकच प्रश्न पडला: हा घटक आमच्याकडे आहे का? उत्तर देता येईना. गुगलच्या अभ्यासकांनी जावाच्या मुख्य भांडाराची तपासणी केली, तेव्हा असे दिसले की, दोष पोहोचलेल्या बहुसंख्य घटकांनी 'लॉग-फोर-जे' स्वतः मागवलेलाच नव्हता. तो पाच-पाच पायऱ्या खाली दडला होता, काही ठिकाणी नऊ. दुरुस्तीच्या आवृत्त्याही त्या एका महिन्यात एकीमागून एक चार काढाव्या लागल्या, कारण प्रत्येक दुरुस्तीत काही ना काही उणीव राहत होती. ही कामे करणारे लोक स्वयंसेवक होते. दिवसा नोकरी करून रात्री ते हे निस्तरत होते. अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने जुलै २०२२ मधील अहवालात म्हटले की, या दोषाचे अवशेष कदाचित एक दशकभर किंवा अधिक काळ आढळत राहतील. घटकांच्या यादीचा आग्रह जगभर वाढला तो या अनुभवानंतर. अमेरिकेच्या अध्यक्षांनी मे २०२१ मध्येच तसा आदेश काढला होता. 'लॉग-फोर-जे'ने त्याची निकड पटवून दिली.

आता तिसरी घटना. पहिल्या दोहोंतून जे शहाणपण शिकायचे ते तिने उलटेपालटे करून टाकले, म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

'एक्सझेड' हा फाइली आकुंचित करणारा एक घटक. लिनक्सवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात तो असतो. फिनलंडमधील लासे कॉलिन हे तो वर्षानुवर्षे एकट्याने आणि विनावेतन सांभाळत आले. २०२२ मध्ये त्यांच्यावर पत्रांचा मारा सुरू झाला: काम संथ चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली प्रकृती ठीक नाही, आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ती पत्रे लिहिणारे पुढे कोठे दिसले नाहीत. ती सर्व एकाच हाताची असावीत असा दाट संशय आहे. याच सुमारास 'जिया टान' असे नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीला आली. तिने दोन वर्षे निष्ठेने, उपयुक्त असे काम केले आणि विश्वास संपादन करून नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ या आवृत्त्या निघाल्या. त्यांत एक चोरदरवाजा होता.

तो कोठे होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सर्वांना वाचता येणाऱ्या मूळ संहितेत त्याचा शोध घेऊन उपयोग झाला नसता. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या भासणाऱ्या फाइलींत विषारी भाग गुंडाळून ठेवला होता, आणि तो सोडवून आत बसवणारी ओळ बांधणीच्या सूचनांत होती. तीही सार्वजनिक संग्रहात नव्हे, तर केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. संहिता वाचणाऱ्याला ती दिसणार नव्हती. बांधणी करणाऱ्या यंत्राला मात्र दिसणार होती. लक्ष्य होते ते दूरच्या यंत्रात प्रवेश देणारे 'एसएसएच' हे द्वार. वस्तुतः या द्वाराला 'एक्सझेड'ची गरजच नाही. परंतु डेबियन, फेडोरा आदी काही वितरकांनी आपल्या सोयीसाठी त्याला 'सिस्टमडी'च्या एका लायब्ररीशी जोडले होते, आणि त्या लायब्ररीला 'एक्सझेड' लागत असे. मागच्या दारात आलेल्या पाहुण्याच्या पाहुण्याने देवघरात शिरावे, तसे हे झाले.

२९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड झाला तो कोणत्याही यादीमुळे, कायद्यामुळे वा तपासणी-यंत्रामुळे नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंता एका निराळ्याच कामासाठी वेगाची मोजणी करीत होते. द्वार उघडण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे त्यांना आढळले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी मूळापर्यंत पाठपुरावा केला. बाधित आवृत्ती तोवर मुख्यत्वे प्रायोगिक वितरणांतच पोहोचली होती. आणखी काही महिने गेले असते तर ती जगातील असंख्य सर्व्हरांवर बसली असती.

या दोन घटनांचे धडे परस्परविरोधी आहेत, आणि प्रश्नाचा खरा पेच येथेच आहे. 'लॉग-फोर-जे' सांगतो की, नवी आवृत्ती निघताच घ्या. विलंब लावणारा बुडतो. 'एक्सझेड' सांगतो की, थांबा. घाईने नवी घेणाऱ्याच्याच घरात विष गेले आणि डेबियनच्या जुन्या, स्थिर आवृत्तीवर राहिलेला सुरक्षित राहिला. बांधणीची बहुतेक साधने नियमात बसणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडतात. गुगलमध्ये निर्माण झालेल्या 'गो' या भाषेच्या साधनाने मात्र रस कॉक्स यांच्या २०१८ मधील प्रस्तावानुसार उलट मार्ग धरला. सर्वांच्या अटी पुऱ्या करणारी जी सर्वांत जुनी आवृत्ती, ती ते घेते. काल बांधले तेच आज बांधले जावे, या दृष्टीने हा मार्ग निःसंशय अधिक समंजस आहे. पण दुरुस्ती निघाल्यावर ती मुद्दाम मागवावी लागते, आणि ती मागवणारा जागा असावा लागतो.

तंत्राने जे साधते ते कमी लेखण्याचे कारण नाही. एकदा निवडलेल्या आवृत्त्या कुलूपबंद फाइलीत नोंदवून ठेवता येतात. प्रत्येक घटकाचा गणिती ठसा घेऊन, आलेला माल तोच आहे ना हे अंगठ्याच्या ठशाप्रमाणे पडताळता येते. कोणीही, कोठेही बांधणी केली तरी बिट-न्-बिट तीच वस्तू निघावी अशी चळवळ डेबियनने अनेक वर्षे चालवली आहे, आणि नेदरलंड्समध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी उत्रेख्त विद्यापीठातील संशोधनातून उभी केलेली 'निक्स' ही प्रणाली याच ध्यासातून आली. मात्र ठसा जुळला म्हणजे माल निर्दोष असा अर्थ होत नाही. 'एक्सझेड'चा गठ्ठा अधिकृत होता, अधिकृत माणसाने पाठवलेला होता. आपण स्वतः लिहिली नाही अशा संहितेवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, हे केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्येच ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते. चाळीस वर्षांत त्याला कोणी पुरते उत्तर काढलेले नाही.

म्हणूनच सेबीची यादी स्वागतार्ह असली तरी तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ती सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी आहे. जमीन कोणाची, पीक कोणते, हे उताऱ्यावरून कळते; जमीन कसली जाते की पडीक आहे हे कळण्यासाठी बांधावर जावे लागते. 'एक्सझेड ५.६.१' ही नोंद कोणत्याही यादीत अगदी बिनचूक बसली असती. मग ती सांभाळणारा मनुष्य थकलेला आहे आणि त्याच्यावर कोणी दडपण आणीत आहे, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची?

हा प्रश्न अखेर वेतनाचा आहे. आपल्या जुन्या गावगाड्याबद्दल कोणी गहिवरून बोलू नये. त्यात जातीची सक्ती होती आणि अपमानही होता. पण त्या व्यवस्थेतही लोहाराला आणि सुताराला सुगीच्या दिवसांत खळ्यावर बलुते मिळत असे. आजच्या संगणकीय गावगाड्यातील बलुतेदाराला तेही नाही. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला तेव्हा जगातील बहुसंख्य संकेतस्थळांचे व्यवहार ज्या 'ओपनएसएसएल'ने झाकले होते, त्या प्रकल्पाला देणग्यांपोटी वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर मिळत असल्याचे जगाला कळले. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या घटकाच्या लेखकाने, स्वतःला त्याचा उपयोग उरला नसल्याने, तो मागायला आलेल्या एका अनोळखी इसमाच्या हाती दिला. त्या इसमाने त्यातून आभासी चलनाच्या पाकिटांवर दरोडा घालण्याची सोय केली. सप्टेंबर २०२५ मध्ये 'एनपीएम' भांडारातील काही अत्यंत लोकप्रिय घटकांच्या चालकाला बनावट पत्राने फसवून त्या घटकांत असेच विष मिसळले गेले. या माणसांना दोष देणे सोपे आहे. ज्यांनी त्यांच्या श्रमांवर अब्जावधींचे व्यवहार उभे केले त्यांनी त्यांना विचारले तरी कधी होते?

युरोपीय संघाने या बाबतीत निदान जबाबदारी कोणाची हे तरी ठरवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या सायबर लवचीकता कायद्याची मुख्य बंधने लागू करण्यासाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख मुक्रर झाली. घटक उसने असले तरी वस्तू विकणाऱ्यानेच त्यांची खातरजमा करावी आणि दोष निघाल्यास दुरुस्तीही पुरवावी, असे त्यात आहे. छंद म्हणून फुकट लिहिणाऱ्याच्या डोक्यावर तो बोजा टाकलेला नाही. हा न्याय योग्य आहे. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत घटकांसाठी सरकारी निधी उघडला. भारतात बेंगळुरूच्या झेरोधा या दलाली पेढीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण हे एका पेढीचे औदार्य झाले, धोरण नव्हे.

सेबीला आणि रिझर्व्ह बँकेला याहून पुढे जाता येईल. यादी मागतानाच, त्या यादीतील जे घटक फुकट आणि एकट्या माणसाच्या खांद्यावर आहेत त्यांच्यासाठी संस्थेने काय केले, हेही विचारता येईल. केवळ पैसे पाठवून भागणार नाही. मोठ्या बँकांनी, शेअरबाजारांनी, पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपल्या पगारी माणसांचे काही तास या घटकांची संहिता वाचण्यासाठी, बांधणी तपासण्यासाठी आणि दुरुस्त्या करण्यासाठी राखून ठेवले पाहिजेत. कोणी म्हणेल, परक्यांच्या मालाची राखण आम्ही का करावी? पण जो माल आपल्या तिजोरीच्या कुलपात बसला आहे तो परका कसा? गिटहबच्या २०२४ मधील अहवालानुसार तेथील विकसकांच्या संख्येत भारताचा क्रमांक अमेरिकेखालोखाल दुसरा होता. एवढ्या मोठ्या संख्येतून दुसऱ्याच्या संहितेवर नजर ठेवणारे काही हजार जण निघणे अवघड नाही. मात्र हे काम नोकरीतील बढतीच्या हिशेबात धरले जाईल, अशी सोय मालकांनी करायला हवी.

'एक्सझेड'चे पुढे काय झाले, हे पुष्कळ वृत्तपत्रांनी छापले नाही. जिया टान हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण होती, हे उघड झालेले नाही. चोरदरवाजा उपटून काढलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाली, आणि ती पूर्वीच्याच माणसाने, लासे कॉलिन यांनी, काढली.